जुन्या गाडीचा टेंपरेचर काटा: दोष मीटरचा, वायरचा की इंजिनाचा?

टेंपरेचरचा काटा चालत नाही म्हटलं की बहुतेक गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘सेन्सर टाकून बघू.’ नवा सेन्सर बसतो, काटा आहे तिथेच राहतो. मग मीटरवर संशय जातो, डॅशबोर्ड उघडला जातो, आणि शेवटी इंजिनाच्या अर्थची (करंट बॉडी आणि बॅटरीकडे परत नेणारी) गंजलेली पट्टी सापडते. ती साफ करायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरला असता. महागाकडून स्वस्ताकडे जाण्याची ही सवय सोडली तर हा दोष घरी, तासाभरात शोधता येतो.

इथे ज्या गाड्यांबद्दल लिहिलं आहे त्या कार्बोरेटरच्या जमान्यातल्या: जुनी मारुती ८००, ओम्नी, जिप्सी आणि त्यांच्या वयाच्या इतर गाड्या, ज्यांत मीटरच्या सेन्सरला एकच वायर जाते. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरच्या) गाड्यांत आणखी एक, दोन वायरींचा सेन्सर असतो, तो ईसीयूसाठी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरसाठी. त्याला या तपासण्या लावू नका. फॅनचा स्विचही वेगळा असतो. तो रेडिएटरवर किंवा थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आसपास बसवलेला सापडतो, आणि नवशिके हटकून त्याचीच वायर काढून ‘काटा हलत नाही’ म्हणतात. मीटरचा सेन्सर म्हणजे पितळी, बोटाच्या पेराएवढा, डोक्यावर एकच टर्मिनल असलेला तुकडा. तो थर्मोस्टॅटच्या घराजवळ, सिलिंडर हेडवर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर असतो.

हाताशी एवढं ठेवा: साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन क्लिपा लावलेली हातभर वायर, १२ व्होल्टचा ३-४ वॉटचा बल्ब होल्डरसह, पॉलिश पेपर, स्वयंपाकाचा किंवा लॅबचा थर्मामीटर, आणि शंभर ओहमचे एक वॉटचे चार रेझिस्टर. रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात. त्यांचं काम पुढे येईल.

आधी इंजिन, मग काटा

काटा ‘एच’कडे (हॉट) गेला तर मीटर खराब आहे असं धरून गाडी चालवत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या गाड्यांची हेडं बहुधा ॲल्युमिनियमची. एकदा पुरतं उकळलं की हेड बेंड, गॅस्केट गेलं, आणि हेडचा फेस मारून (तळ मशीनवर सपाट करून) घेण्यापर्यंत खर्च. कसारा किंवा खंबाटकी चढताना उन्हाळ्यात काटा वर सरकला आणि उतारावर पुन्हा खाली आला, तर तो काटा बिघडलेला नाही. तो खरं तेच सांगतो आहे, आणि लक्ष द्यायला हवं ते रेडिएटरकडे.

त्याहून फसवा असतो तो ‘सी’वर (कोल्ड) पडलेला काटा. होज (रबरी नळी) फुटून सगळं पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो. हवा आणि वाफ पाण्याइतकी उष्णता पोचवत नाहीत, त्यामुळे इंजिन भाजत असतानाही काटा खाली उतरतो. चढत्या काट्याने अचानक मान टाकली तर आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका. दाबाखालचं पाणी शंभरच्या वर तापलेलं असतं. कॅप सैल होताच ते उसळून थेट चेहऱ्यावर येतं.

म्हणून पहिली तपासणी सकाळी, थंड इंजिनावर. कॅप उघडा, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला आहे का पाहा. रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या टाकीतली पातळी दोन खुणांमध्ये हवी. पाणी तांबूस-गढूळ असेल किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं असेल, तर सेन्सरवर क्षार चढलेला असणार हे डोक्यात ठेवा.

आता कॅप लावा, गाडी सुरू करा आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या होजवर हात ठेवा. फॅन आणि बेल्टपासून बाही, ओढणी लांब. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पहिली काही मिनिटं हा होज जवळजवळ थंडच राहतो आणि मग, बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास, एकाएकी तापतो. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवर नाहीच. आपल्याकडे दुसरीच शक्यता जास्त. ‘गाडी तापते’ म्हटल्यावर व्हॉल्व्ह काढून फेकून देणं हा पिढीजात उपाय आहे. अशा गाडीत काटा हायवेवर ‘सी’च्या जवळच राहतो, पेट्रोल जास्त जातं, इंजिन कधी नीट तापत नाही, आणि मालक मात्र सेन्सर बदलत बसतो. काटा बरोबर आहे, थर्मोस्टॅट विकत आणा.

टेंपरेचर गन (लांबून तापमान मोजणारी) असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर मारून पाहा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती फार कमी आकडा दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा चौकोन चिकटवा आणि त्यावर नेम धरा. गनवर ८५-९० आणि काटा ‘सी’वर, असं झालं तर दोष विजेच्या बाजूचा. पुढे चला.

विजेची वाट

सर्किट सरळ आहे. किल्ली लावली की फ्यूजमधून १२ व्होल्ट मीटरला येतात, मीटरमधून एक वायर सेन्सरपर्यंत जाते, सेन्सरच्या आतून करंट त्याच्या पितळी अंगात, तिथून आट्यांमधून इंजिनात, आणि इंजिनापासून अर्थच्या पट्टीतून बॉडी आणि बॅटरीत परत. सेन्सर थंड असताना जास्त ओहम, म्हणजे करंटला जास्त अडथळा, दाखवतो, तापला की कमी. ओहम कमी म्हणजे करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणजे काटा वर.

एवढं समजलं की अर्धे निष्कर्ष आपोआप निघतात. वायर तुटली तर काटा ‘सी’वर. वायरचं कव्हर घासून ती बॉडीला टेकली तर किल्ली लावताच काटा ‘एच’वर, इंजिन थंडगार असलं तरी. आणि वाटेत कुठेही गंज, सैल क्लिप किंवा कुजका जोड आला की ओहम वाढतात, म्हणजे काटा खऱ्यापेक्षा खाली. जोड खराब असणारा काटा इंजिन थंड असल्याचा खोटा दिलासा देतो, हे यातलं वाईट.

वायर काढून पाहणं

या तपासणीने शोध अर्ध्यावर येतो, म्हणून ती आधी करा.

१. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेन्सरच्या डोक्यावरची वायर उपसून घ्या. वायर धरून ओढू नका, टर्मिनल धरून हलवत काढा. जुनी वायर टर्मिनलच्या मुळाशीच तुटते.

२. वायरचं टोक कशालाही टेकू न देता किल्ली ‘ऑन’ करा. काटा ‘सी’वर यायला हवा. आधी तो ‘एच’वर चिकटलेला होता आणि वायर काढताच उतरला, तर सेन्सर आतून शॉर्ट आहे. वायर काढूनही ‘एच’वरच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे.

३. आता बल्बचं एक टोक त्या वायरला आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला जोडा. किल्ली ‘ऑन’. काटा चढू लागला पाहिजे. बल्ब मिणमिणला किंवा पेटला नाही तरी हरकत नाही, तो केवळ करंटला आवर घालायला आहे. बल्ब नसेल तर वायर सरळ अर्थला टेकवता येते, पण दोन-चार सेकंदच, आणि काटा निम्म्यावर जाताच सोडून द्या. तशीच धरून ठेवली तर मीटरमधली तापणारी तार जळते, आणि तपासायला घेतलेलं मीटर खरोखरच बाद होतं.

काटा चढला म्हणजे फ्यूज, मीटर आणि वायर तिन्ही शाबूत. दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थचा. चढला नाही तर दोष वायरीत किंवा डॅशबोर्डमागे.

एक बारकावा. जुन्या मीटरांपैकी बऱ्याच मीटरांत दोन धातूंची पट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. त्यामुळे असा काटा आळशी असतो, शेवटच्या जागी पोचायला अर्धं मिनिट घेतो. त्याला घाई करून ‘चालत नाही’ ठरवू नका. उलट असा काटा टिचकीसरशी उड्या मारत असेल तर ते तापमान नव्हे, मीटरमागचा ढिला नट असण्याची शक्यता मोठी.

अर्थ, म्हणजे नेहमीचा गुन्हेगार

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, लाल पिन सेन्सरच्या पितळी अंगावर (टर्मिनलवर नाही). इंजिन सुरू, हेडलाइट चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. अर्धा व्होल्ट दिसला तर सेन्सरला हात न लावता अर्थची पट्टी सोडवा, दोन्ही टोकं आणि त्याखालची बॉडी-इंजिनाची जागा धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीसचा हलका हात द्या. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते आणि वरून ठीक दिसते. शंका असेल तर नवीच टाका.

हेडलाइट किंवा इंडिकेटर लावताच काटा हलत असेल, इंडिकेटरच्या टकटकीबरोबर डोलत असेल, तर सेन्सर विसरा. ती मीटरच्या मागची अर्थ किंवा तिथला सप्लाय आहे.

सेन्सर बसवताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळणं हाही अर्थचाच गुन्हा. टेप पाणी अडवते तशी वीजही अडवते. नवा सेन्सर टाकल्यापासून काटा खाली दाखवतो अशी तक्रार असेल तर आधी ती टेप खरवडून काढा.

सेन्सर पातेल्यात

वायर आणि अर्थ दोन्ही पास झाले तर सेन्सर काढून तपासा. पातेलं स्वयंपाकाचं नको, सेन्सरवर कूलंट (रेडिएटरमधलं रसायन मिसळलेलं पाणी) असतो आणि तो विषारी आहे. सेन्सर तारेने असा टांगा की पितळी टोक पाण्यात, टर्मिनल बाहेर, आणि पातेल्याच्या बुडाला काहीच टेकलेलं नाही. बुडाला टेकला तर पाण्याऐवजी ज्वाळेचं तापमान मोजाल. मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलवर, दुसरी अंगावर, पाणी मंद आचेवर, थर्मामीटर सेन्सरच्या शेजारी.

जिप्सीच्या कुळातल्या सुझुकी सेन्सरचे आकडे साधारण असे: ५० अंशांना दीडशे ओहमच्या आसपास, ८० ला पन्नासच्या आसपास, १०० ला सत्तावीस-अठ्ठावीस. तुमच्या गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातले आकडे प्रमाण. नेमक्या आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची आहे. तापत जाताना ओहम एकसारखे उतरत गेले पाहिजेत, मध्येच गचका बसता कामा नये. सगळ्या तापमानांना शून्याजवळ म्हणजे शॉर्ट, हजारोंत अडकलेला म्हणजे आतून तुटलेला.

थर्मामीटर नसल्यास उकळतं पाणी हाच आकडा धरता येतो, पण समुद्रसपाटीलाच ते १०० असतं. पुण्यात ते साधारण ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. सेन्सरचे ओहम तेवढ्याने जास्त आले तर त्याला नापास करू नका.

तेच पातेलं थर्मोस्टॅटलाही वापरा. तोही टांगून तापवला की छापलेल्या आकड्याच्या आसपास तोंड उघडू लागला पाहिजे, आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. मिटल्यावर उजेडाकडे धरून फट दिसते का बघा.

शंभर ओहमचे चार रेझिस्टर

सेन्सर ठीक, वायर ठीक, पण काटा नेहमीपेक्षा वर किंवा खाली दाखवतो, अशा वेळी मीटर खरं सांगतो का हे ठरवायला नकली सेन्सर लागतो. रेझिस्टरची टोकं एकत्र पिळून समांतर जोडा: एक म्हणजे १०० ओहम, दोन म्हणजे ५०, तीन म्हणजे ३३, चार म्हणजे २५. सुझुकीच्या वरच्या आकड्यांत बसवलं तर हे अनुक्रमे ६०, ८०, नव्वदीचा मध्य आणि शंभराच्या किंचित पुढे एवढं तापमान होतं.

सेन्सरची वायर एका टोकाला, दुसरं टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. किल्ली लावा, प्रत्येक जोडणीला पूर्ण एक मिनिट थांबा, आणि काटा कुठे थांबला त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दोन रेझिस्टरवर काटा साधारण मधल्या पट्ट्यात आणि चारवर ‘एच’च्या जवळ गेला तर मीटर बिनचूक. मग तुमच्या गाडीत त्या दिवशी काटा वर होता, तर पाणी खरंच तापलं होतं. दोनवरच ‘एच’ गाठला किंवा चारवरही मध्यात रेंगाळला, तर मीटर किंवा त्याचा सप्लाय.

हे फोटो जपून ठेवा. पुढे सेन्सर बदलला आणि काटा वेगळ्या जागी थांबू लागला तर चुकीच्या मॉडेलचा किंवा डुप्लिकेट सेन्सर मिळाल्याचं तेच सांगतील. आटे बसतात म्हणून ओहमही जुळतील असं नसतं. काउंटरवर जुना सेन्सर शेजारी ठेवून दोन्हींचे थंड ओहम मोजले तर दुकानातच निकाल लागतो.

डॅशबोर्डमागे

आधी शेजारचा काटा बघा. पेट्रोलचा काटाही मेला असेल तर फ्यूज किंवा मीटरचा सप्लाय. फ्यूज डोळ्यांनी पाहून भागत नाही, मल्टिमीटर लावा, आणि होल्डरच्या पत्र्यांवरचा काळा थर खरवडा. दोन्ही काटे एकाच वेळी खूप वर दाखवत असतील तर आल्टरनेटरचा व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ ठीक, १४.८ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलेला आहे.

ब्रिटिश पद्धतीच्या मीटरांत दोन्ही काट्यांना मिळून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, मागे स्क्रूने बसवलेली छोटी पत्र्याची डबी. ती १२ व्होल्ट तोडत-जोडत सरासरी १० करते. त्यामुळे तिच्या आउटपुटवर मल्टिमीटर नाचतो आणि टेस्ट लॅम्प लुकलुकतो, हे बरोबर. लॅम्प एकसारखा पेटून राहिला तर डबी अडकली किंवा तिच्या पत्र्याची अर्थ सुटली. नवी मिळत नसेल तर ७८१० हा दहा व्होल्टचा रेग्युलेटर त्याच जागी चालतो.

क्लस्टर (सगळ्या मीटरांचा एकत्र संच) काढायचं तर प्रथम बॅटरीची ऋण वायर सोडा, मग मागे हात घालून स्पीडोमीटरची केबल काढा, नंतरच क्लस्टर पुढे ओढा. केबल न काढता हिसडा दिला की मागची प्लास्टिकची पातळ फिल्म फाटते, जिच्यावर तांब्याच्या रेषा असतात. जुन्या गाड्यांतला निम्मा दोष याच फिल्ममध्ये. मीटरचे खिळे जिथून फिल्ममधून बाहेर येतात तिथले नट सैल झालेले असतात, रेषा काळवंडलेली असते. नट काढा, रेषा शाळेतल्या खोडरबराने चमकवा, नट बेताने आवळा. तुटलेल्या रेषेवर पातळ वायर सोल्डरने डागता येते, पण डाग एका सेकंदाचा. त्याहून जास्त वेळ धरलं तर फिल्म वितळते.

वायर तपासायची तर दोन्ही टोकं मोकळी करून मोजा: टोक ते टोक एक ओहमच्या आत, आणि वायर ते बॉडी जोडणी अजिबात दिसता कामा नये. एक्झॉस्टजवळून जाणारा भाग आणि बॅटरीखालचा कोपरा आधी पाहा. बराच काळ उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनाही विसरू नका. जोड लावताना काळी टेप नको, ती इंजिनाच्या उष्णतेने चिकट होऊन सुटते. डाग द्या आणि वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा.

मीटरच गेलं असेल तर जुन्या बाजारातलं क्लस्टर हाच व्यवहार्य मार्ग. विकत घेण्याआधी दुकानातल्याच बॅटरीवर, दोन रेझिस्टर लावून काटा मध्यात येतो का पाहा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या.

सेन्सर बसवताना

इंजिन पूर्ण थंड. रेडिएटरच्या खालच्या नळीतून लिटरभर कूलंट स्वच्छ भांड्यात काढा, नंतर तोच परत भरायचा. जुना सेन्सर जिथे बसतो तिथे गंजनाशक तेल मारून दहा मिनिटं थांबा. ॲल्युमिनियममध्ये अडकलेला सेन्सर जोराने फिरवला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. निमुळत्या आट्यांच्या सेन्सरला वॉशर नसतो, सरळ आट्यांच्या सेन्सरला तांब्याचा वॉशर लागतो. नवा हाताने फिरवून बसवा, मग पान्याने थोडं. गळलाच तर सीलंटचा थेंब फक्त वरच्या एक-दोन आट्यांवर.

भरताना हीटर असल्यास त्याचा नॉब पूर्ण गरमवर. कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालवा, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. वरचा होज तापला आणि बुडबुडे थांबले की कॅप लावा. हवा सेन्सरपाशी अडकून राहिली तर नवा सेन्सरही वरखाली नाचतो आणि सगळा संशय पुन्हा त्याच्यावर येतो. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होत असेल, तर तो हवेचा प्रश्न नाही, हेड गॅस्केटचा आहे. गाडी चालवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप उघडून पातळी पुन्हा पाहा. अर्धा-पाव लिटर कमी झालेलं आढळतं, ते भरा. मग गाडी पाऊण तास चालवा आणि सिग्नलला उभी असताना फॅन सुरू होताना काटा कुठे होता ते बघून ठेवा. त्या जागी डॅशबोर्डच्या काचेवर पेन्सिलीने बारीक खूण केली तरी चालेल.